तान्ह्या पोळ्याची स्पर्धा: पहिल्या नंबरचा डेक पिकाचू की म्यूटू?

वरुडचा_संत्रा

पोकेमॉन टीसीजी पॉकेट हा फोनवरचा कार्डांचा खेळ खेळणाऱ्या सगळ्यांना रामराम. तान्ह्या पोळ्याच्या दुपारी आमच्या गावच्या वाचनालयात पोरांची स्पर्धा ठेवली आहे. सोळा नावं आली आहेत. नवीन पोरांनाही बरोबरीनं बसता यावं म्हणून कार्डं फक्त पहिल्या दोन संचांतली घ्यायची: ऑक्टोबर 2024चा जेनेटिक एपेक्स आणि डिसेंबर 2024चा मिथिकल आयलंड. पोरं रोज विचारतात, "दादा, सगळ्यात तगडा डेक कोणता?" म्हणून माझी क्रमवारी इथं मांडतो. चुकत असेल तर खोडून काढा, पण कारण सांगून.

1. पिकाचू ईएक्स – झॅपडॉस ईएक्स
2. म्यूटू ईएक्स – गार्डेवॉर
3. ब्लेन या मदतीच्या कार्डाचा डेक (नाइनटेल्स, रॅपिडॅश)
4. स्टार्मी ईएक्स – आर्टिक्युनो ईएक्स, सोबत मिस्टीचं मदतीचं कार्ड
5. सेलेबी ईएक्स – सर्पेरियर

डेक 20 कार्डांचा, एका नावाची फार तर दोन कार्डं. जिंकायला तीन गुण लागतात. साधा पोकेमॉन पाडला की एक, ईएक्स म्हणजे जास्त ताकदीचा पाडला की दोन. एवढ्या छोट्या खेळात हात वाईट आला तर सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून माझी कसोटी एकच आहे. नशीब रुसलं त्या दिवशी डेक कसा चालतो, ते बघायचं.

पिकाचूचा डेक बेसिक पोकेमॉनवरच चालतो, उत्क्रांतीची वाट बघायची नाही. बेंचवर, म्हणजे मागच्या रांगेत, विजेचे तीन पोकेमॉन आणि पिकाचूवर दोन एनर्जी, म्हणजे हल्ल्याला लागणारी ताकद, की 90चा मार सुरू. दुसरी खेळी आपली असेल तर आपल्या दुसऱ्याच पाळीत.

म्यूटूला जादा एनर्जी देणारी गार्डेवॉर यायला राल्ट्स, मग किर्लिया, मग गार्डेवॉर अशी साखळी जुळावी लागते. तिसऱ्या पाळीपर्यंत सुरुवातीची पाच, दर पाळीची एक अशी तीन आणि प्रोफेसरच्या कार्डानं मिळणारी दोन मिळून साधारण दहा कार्डं बघून होतात. म्हणजे अर्धा डेक. किर्लिया दोन, गार्डेवॉर दोन. या दहा कार्डांत दोघींपैकी निदान एक न दिसण्याची शक्यता मी वहीत मांडली तर ढोबळमानानं 43 टक्के आली. दहातल्या चार डावांत साखळी वेळेवर लागतच नाही. असा डेक मी एक नंबरला ठेवणार नाही.

मेहकरी_कॉलेज

दादा, गणित बरोबर आहे, पण निष्कर्ष पटत नाही. गार्डेवॉर आली नाही म्हणून म्यूटू हातावर हात धरून बसतो का? दोन एनर्जीवर 50चा मार आहेच. चार एनर्जी आपापल्या पाळीनं साचल्या की 150चा सायड्राइव्ह हा त्याचा मोठा हल्ला गार्डेवॉरशिवायही एकदा बसतो, आणि पिकाचू ईएक्सचे एचपी, म्हणजे पडेपर्यंत सोसता येणारा मार, 120च आहेत. म्हणजे एका फटक्यात दोन गुण.

आता उलट बाजू बघा. म्यूटूचे एचपी 150. पिकाचूचा 90चा फटका खाऊन तो उभा राहतो. पिकाचूला दोनदा मारावं लागतं, म्यूटूला एकदा. आणि पिकाचूचा मार बेंचवर अवलंबून आहे हे तुम्ही लिहिलंत, पण बेंच भरली नाही तर काय, ते लिहिलं नाहीत. बेंचवर विजेचा एकच पोकेमॉन असेल तर मार 30. वाईट हात पिकाचूलाही येतो.

गार्डेवॉर लागली तर पाळीला दोन एनर्जी मिळतात, सायड्राइव्हमध्ये दोन जातात, हिशेब जुळतो आणि 150चा मार पाळीमागून पाळी चालू राहतो. या दोन संचांत त्याला तोड नाही. म्यूटू एक, पिकाचू दोन.

पऱ्हाटी_वणी

सेलेबी पाचवी? भाऊ, हे काही बरोबर नाई. सर्पेरियर बेंचवर असला का गवताची एक एनर्जी दोन होते. सेलेबीवर तीन एनर्जी म्हणजे सहा नाणी, एका छाप्याले 50. मागच्या हप्त्यात पाण्यानं फवारणी थांबली, धुऱ्यावरच्या निंबाखाली बसून खेळत होतो. समोर म्यूटू, पुरे 150. सहातून पाच छापे पडले, 250. म्यूटू एकाच फटक्यात गेला. असा मार देणारा डेक पाचवा काऊन?

वरुडचा_संत्रा

पऱ्हाटी भाऊ, पाच छापे पडले तो डाव लक्षात राहतो. मला न पडलेले छापेही मोजायचे आहेत.

समोर 120 एचपीचा पिकाचू आहे. पाडायला तीन छापे हवेत. चार नाण्यांत निदान तीन छापे यायची शक्यता 16 पैकी 5, तीनातून एकदाही नाही. सहा नाण्यांत 64 पैकी 42, तीनातून दोनदा. फरक मोठा आहे हे मान्य. पण सहा नाण्यांसाठी सेलेबीवर तीन एनर्जी आणि सर्पेरियर पूर्ण झालेला हवा, म्हणजे लवकरात लवकर तिसरी पाळी. तोवर पिकाचूनं दोनदा मारलं तर 130ची सेलेबी संपते.

हे मी एवढं धरून बसलो त्याला कारण आहे. गेल्या वेळी मीच लिहिलेली यादी वाचून माझ्या भाच्यानं मिथिकल आयलंडचे साचवलेले सगळे पॅक पॉइंट सेलेबीवर घातले. कार्डांचा एक पॅक फोडला की 5 पॉइंट, ईएक्स कार्ड घ्यायला 500. फुकटचे पॅक दिवसाला दोन. म्हणजे एका कार्डाला 50 दिवस. पोराला फोन मिळतो तो बाप वावरातून आल्यावर, रात्री अर्धा तास. त्या हिशेबानं 50 दिवस साचवून घेतलेलं कार्ड त्यानं पहिल्या डावात काढलं, चार नाणी उडवली आणि चारही काटे. सोळातून एकदा होतं ते त्याच्याच वाट्याला आलं. नंतरच्या डावात एकच छापा. पंधरा दिवस त्यानं खेळाचं नाव काढलं नाही. माझ्या यादीमुळे झालं ते. तेव्हापासून क्रमवारी लावताना मी आधी वाईट दिवस बघतो.

शकुंतला_मूर्तिजापूर

भाच्याचं वाईट वाटलं, खरंच. पण दादा, दोन गोष्टी एकात मिसळल्या जात आहेत. "तगडा डेक कोणता" हा एक प्रश्न, आणि "50 दिवस कशावर घालावेत" हा दुसरा. ब्लेन तिसरा आला तो या घोळामुळे. त्याला एकही ईएक्स लागत नाही म्हणून तुम्हाला तो जवळचा वाटतो. पण स्वस्त म्हणजे तगडा नव्हे.

नाइनटेल्सचा मार 90, ब्लेन खेळला तर 120. ब्लेनची कार्डं दोनच. ती संपली की मार परत 90. दर हल्ल्याला एक एनर्जी टाकून द्यावी लागते. आणि नाइनटेल्सचे एचपी 90, म्हणजे भरल्या बेंचचा पिकाचू तिला एकाच फटक्यात पाडतो. 150च्या म्यूटूला ती ब्लेन लावूनही एका फटक्यात पाडू शकत नाही. माझ्या हिशेबात ब्लेन पाचवा.

तक्त्यात दुसरा रकाना करा, "किती दिवसांत जमतो" असा. पण ताकदीचा रकाना ताकदीचाच ठेवा. पोरांना खरं तेच सांगावं. ती हुशार आहेत, दोन रकाने एकत्र वाचून आपलं आपण ठरवतील.

वरुडचा_संत्रा

दुसरा रकाना करतो, ही गोष्ट चांगली सुचवलीत. ब्लेनला पाचवा करत नाही.

120 हा आकडा परत बघा. पिकाचू ईएक्सचे एचपी नेमके 120. ब्लेन हातात असला की एका नाइनटेल्सनं पिकाचू जातो आणि दोन गुण मिळतात. सेलेबी आगीला कमजोर, तिथं 20 जादा, म्हणजे 140, आणि सेलेबीचे एचपी 130. ब्लेन नसला तरी 110 बसतात. रॅपिडॅश एका एनर्जीवर 40 मारते, ब्लेनसोबत 70. बदल्यात समोरच्याला माझे तीन पोकेमॉन पाडावे लागतात, कारण प्रत्येकाचा एकच गुण. मला त्याचे दोन ईएक्स पाडले की पुरे. ही देवाणघेवाण नीट मोजली तर तो स्वस्त म्हणून वर आलेला नाही हे दिसेल. म्यूटूपुढे तो कमी पडतो, म्हणूनच म्यूटूच्या खाली ठेवला आहे.

पऱ्हाटी_वणी

मिस्टीचं कोणी बोलून नाई रायलं. तिले चौथी ठेवली, तिथंही नाणंच हाय ना? मग सेलेबीवरच राग काऊन?

मेहकरी_कॉलेज

मिस्टी म्हणजे काटा पडेपर्यंत नाणं उडवायचं आणि जितके छापे तितक्या पाण्याच्या एनर्जी जोडायच्या. अर्ध्या वेळा पहिलाच काटा पडतो आणि हाती काही लागत नाही. आठातून एकदा तीन किंवा जास्त छापे पडतात. पहिल्या खेळाडूला पहिल्या पाळीत एनर्जी मिळत नाही, पण मिस्टी खेळता येते. म्हणजे त्या आठव्या वेळी आर्टिक्युनो पहिल्याच पाळीत 80 मारतो. समोरच्याकडे एकच छोटा बेसिक असला तर डाव तिथंच संपतो. त्याला एक कार्डही खेळायला मिळत नाही. अशानं हरलेल्या पोराला काय सांगणार? त्यानं काही चूक केलेलीच नसते.

पण पऱ्हाटी भाऊंना उत्तर असं, की मिस्टी फसली तरी स्टार्मी आहे. दोन एनर्जीवर 90 आणि मध्ये नाणं नाही. तिथं नाणं वरचं आहे. सेलेबीचा सगळा मारच नाण्यावर आहे. म्हणून स्टार्मी वर, सेलेबी खाली. इथं मी दादांच्या बाजूनं. शिवाय स्टार्मी विजेला कमजोर असूनही पिकाचूला ती एका फटक्यात पडत नाही. 90 अधिक 20 म्हणजे 110, जोव्हानीचं कार्ड खेळलं तर 120, आणि स्टार्मीचे एचपी 130. दहानं वाचते.

धानवाला_साकोली

चारिझार्ड कुठं आहे? 180 एचपी, 200चा मार.

शकुंतला_मूर्तिजापूर

गार्डेवॉरसारखीच तीन पायऱ्यांची साखळी, वर चार एनर्जी. आणि एनर्जी लवकर जमवायची तर मोल्ट्रेसची तीन नाणी. आठातून एकदा तिन्ही काटे. लागला तर त्याच्यापुढे कोणी टिकत नाही, पण यादीत सहावा.

मेहकरी_कॉलेज

दादा, एक नंबरचं राहिलंच. तुमच्या 43 टक्क्यांच्या उलट बाजूला 57 आहेत. त्या 57मध्ये म्यूटू पिकाचूला जवळपास धुऊन काढतो. उरलेल्या 43मध्येही तो सगळे डाव हरत नाही, कारण 150 एचपी आणि चौथ्या पाळीचा सायड्राइव्ह आहेच. तुम्ही साखळी न लागणं म्हणजेच डाव हरणं असं धरलंत. तिथं चूक आहे.

वरुडचा_संत्रा

हे बरोबर बोललास. साखळी न लागणं आणि हरणं एकच धरलं होतं मी. काल रात्री वाचनालयाच्या ओट्यावर बसून दोन फोनवर पिकाचू आणि म्यूटू समोरासमोर खेळवून पाहिले. गार्डेवॉर आली नाही त्यातल्या एका डावात पिकाचूनं दोनदा मारून पहिला म्यूटू पाडला, पण तोवर मागच्या म्यूटूवर चार एनर्जी साचल्या होत्या आणि पिकाचू एकाच फटक्यात गेला. गुण दोन-दोन. शेवटी झॅपडॉसच्या चार नाण्यांवर डाव ठरला. म्हणजे नाण्याशिवाय चालतो असं मी धरलेला माझा डेकही शेवटी नाण्यावरच आला.

तरी पिकाचू एकवरच ठेवतो. स्पर्धेत सोळा पोरं आहेत, पहिल्यांदाच खेळणारी निम्मी. म्यूटूमध्ये एनर्जी कुणावर आणि कधी घालायची, कोणता म्यूटू मागे ठेवायचा, एवढं सगळं बघावं लागतं. एक चुकीची एनर्जी, आणि सायड्राइव्ह एक पाळी लांबतो. पिकाचूत चुकायला जागा कमी. तुझ्यासारख्या मुरलेल्याच्या हातात म्यूटू एक नंबर, हे यादीखाली लिहितो.

मेहकरी_कॉलेज

लिहा. पण मग ती यादी तगड्या डेकची राहिली नाही, पहिल्यांदा खेळणाऱ्याच्या डेकची झाली. मी माझ्या जागी म्यूटू एकच म्हणेन.

अंगणवाडी_ताई_दर्यापूर

नमस्कार. मी स्वतः खेळत नाही, फोन माझा आहे आणि मुलगा सातवीत आहे. स्पर्धेला त्याला घेऊन येणार आहे. त्याच्याकडे पिकाचू ईएक्स एकच आहे, झॅपडॉस ईएक्स दोन आहेत. जेनेटिक एपेक्सचे 310 पॉइंट साचले आहेत. तो म्हणतो, ब्लेनचा डेक करून उरलेल्या पॉइंटमध्ये दुसरं काही घेऊ. काय सांगू त्याला?

वरुडचा_संत्रा

ताई, पॉइंट मोडू देऊ नका. दुसऱ्या पिकाचू ईएक्सला 190 कमी आहेत, म्हणजे 38 पॅक. दिवसाला दोन धरले तर 19 दिवस. पोळ्याला 24 दिवस आहेत, वेळेत बसतं. फक्त पॅक जेनेटिक एपेक्सचेच फोडा. दुसऱ्या संचाचे पॉइंट इकडे चालत नाहीत.

पऱ्हाटी_वणी

ताई, 19 दिस थांबाची गरज नाई. माह्याकडे पिकाचू ईएक्स तीन हायत, सेलेबीवाल्याले ते काय कामाचे? अदलाबदलीत ईएक्सच्या बदल्यात ईएक्सच द्यावं लागते. पोराजवळ कोणतं जादा पडून हाय का?

अंगणवाडी_ताई_दर्यापूर

त्याला विचारलं. वीनसॉर ईएक्स दोन आहेत म्हणतो, एक देईन. उड्या मारतो आहे.

पऱ्हाटी_वणी

वीनसॉर चालते, गवताचाच हाय. रातच्याले फोन तुमच्याजवळ आला का सांगजा, मी पाठवतो. अन् त्याले म्हणा, ते 310 तसेच राहू दे. तान्ह्या पोळ्याले माही सेलेबी पाहून घे, मंग ठरव कशात घालाचे ते.