बरोक संगीतातलं वक्तृत्व : रचनाकाराचं हत्यार की नंतर चिकटवलेली लेबलं?

कोमल_निषाद
बरोक काळातले (युरोपात साधारण १६०० ते १७५०) रचनाकार अलंकार (आपले पलटे नव्हेत, भाषणातले अलंकार) जाणूनबुजून वापरत, असं माझं ठाम मत आहे. जर्मन रचनाकार बाखच्या बी मायनर मासमधला (मास म्हणजे चर्चच्या प्रार्थनाविधीचं संगीत) 'क्रुसिफिक्सुस' ('क्रुसावर खिळला' हा भाग) घ्या. चार बारची (मात्रागटांची) खर्जातली ओळ ई पासून बी पर्यंत अर्ध्या-अर्ध्या स्वराने उतरते आणि १३ वेळा फिरून येते. या उतरणीला संगीतशास्त्रकार क्रिस्टोफ बर्नहार्डने सतराव्या शतकातच नाव दिलं होतं : पासुस ड्युरिउस्कुलुस, 'जरासं कठोर पाऊल'. त्याही आधी, १६०६ साली, योआखिम बुर्माइस्टर या दुसऱ्या शास्त्रकाराने लासो या रचनाकाराच्या एका मोटेटचे (धार्मिक समूहगीताचे) नऊ भाग पाडून त्यात भाषणासारखा आरंभ, मध्य आणि समारोप दाखवला. लॅटिन शाळेत ही मंडळी वक्तृत्व शिकूनच मोठी होत.

साधा_श्रोता
शिकले म्हणून वापरलं, हे सिद्ध कसं होतं? बुर्माइस्टर आणि बर्नहार्ड यांच्या अलंकारांच्या याद्यासुद्धा एकमेकींशी जुळत नाहीत. बाखच्या १७३३च्या कँटाटात (गायक आणि वाद्यांसाठीच्या रचनेत) हर्क्युलिस विलासाला बजावतो, 'मी तुझं ऐकणार नाही'. पुढच्याच वर्षी ख्रिसमस ओरातोरिओत (नाताळच्या संगीतकथेत) तीच चाल 'सायन (जेरुसलेम), तयार हो' म्हणत प्रियकराच्या स्वागताला उभी राहते. झिडकारणं आणि कवटाळणं, दोन्ही एकाच सुरावटीत! अर्थ शब्दांनी आणला.

कोमल_निषाद
उदाहरण बिनतोड आहे, पण निष्कर्ष घाईचा. जुनी चाल परत वापरताना त्याने काय बदललं ते बघा. 'क्रुसिफिक्सुस' मुळात १७१४च्या 'वाइनेन, क्लागेन' कँटाटातला कोरस. मासमध्ये खालचा प्रत्येक लांब स्वर दोन ठोक्यांत तोडला, सुरुवातीला फक्त वाद्यांचं आवर्तन जोडलं, आणि शेवटच्या आवर्तनात, 'पुरला गेला' या शब्दांवर, बासरी आणि व्हायोलिनं गप्प करून ओळ जी मेजरकडे वळवली. हा वक्त्याचाच विचार आहे.

खर्जवाला
लेबलाचा वाद बाजूला ठेवा, गाताना त्याचा उपयोग होतो का ते पाहू. होतो. सेलोवाल्याने ते तुटक ठोके एका गजात ओढले तर पाऊल न पडता घसरगुंडी होते. प्रत्येक ठोका सुटा, हलका हवा. गायकांची नेहमीची चूक म्हणजे 'क्रुसिफिक्सुस'मधल्या उतरत्या स्वरजोडीत (हाच तो 'उसासा') दुसऱ्या स्वरावर जोर देणं. वजन पहिल्यावर, दुसरा सोडून द्यायचा. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास एकामागून एक येतात, त्यामुळे एकाने चूक केली की चौघांचे उसासे विस्कटतात.

सगळ्यात जास्त घात शेवटच्या आवर्तनात होतो. वरची वाद्यं थांबतात, आवाज खाली आणि हळू, की कोरस सुरातून उतरतो. गाताना ते कळतही नाही. लगेच 'एत रेसुरेक्सित' ('आणि तो पुन्हा उठला', हा पुढचा भाग) डी मेजरमध्ये तुताऱ्यांसह फुटतो, आणि तेव्हा ते उतरणं उघडं पडतं. म्हणून तालमीत तो जी मेजरचा शेवट ऑर्गनशिवाय गाऊन घ्या, धरून ठेवा, मग ऑर्गनवर स्वर तपासा.

साधा_श्रोता
हे सगळं मान्य. पण यातलं प्रत्येक पाऊल लॅटिन नाव न घेता शिकवता येतं, आणि तुम्ही आत्ता तेच केलंत.