डिजिटल चित्रं शिकताना कुठले व्हिडिओ खरंच कामी आले? अनुभव सांगा

परवा भाचीला इथला, बडोद्याचा तांबेकर वाडा दाखवायला नेलं होतं. भिंतीवरची चित्रं बघून म्हणाली, "मावशी, ह्यांनी आधी रेघ मारली का आधी रंग?" तिथेच मला माझा २०२० चा लॉकडाउन आठवला. पेन टॅबलेट घेतला, क्रिटा उतरवलं (चित्रं काढायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे) आणि रोज रात्री व्हिडिओ बघत बसायचे. सगळे स्पीडपेंट! आठ तासांचं चित्र चार मिनिटांत. बघताना सगळं समजलं असं वाटायचं, हात मात्र होता तिथेच. मग कंट्रोल पेंट ही वेबसाइट सापडली. छोटे छोटे फुकट व्हिडिओ, सुरुवातच कागद-पेन्सिलीने. एका करड्या चेंडूवर मी आठवडा घालवला आणि सावली म्हणजे काय ते तेव्हा कळलं. चांगला व्हिडिओ तोच, जो मध्येच थांबवून हातात पेन घ्यावंसं वाटतं. तुमचं सांगा.

सूरसागर: टॅबलेट नाही, फोनवर बोटाने, आयबिस पेंट ॲपमध्ये. त्यात आपण चित्र काढतो त्याचाच व्हिडिओ तयार होतो. तो बघितला तर कळलं, डोळे काढताना मी वीस-वीस वेळा पुसते. मग "डिजिटल आर्ट" असं शोधणं सोडलं, "डोळा बाजूने कसा काढायचा" असं शोधायला लागले. फार फरक पडला. बाकी नंतर, दूध उतू चाललंय

मांडवीकाका: वय ६८. इंग्रजी भराभर बोलतात, म्हणून वेग अर्धा करतो आणि आवाज बंद. नुसता हात बघायचा. आम्ही इथल्या फाइन आर्ट्स फॅकल्टीच्या प्रदर्शनांना जायचो तेव्हाही हेच करत होतो. चित्रकार बेंद्रे १९५० साली इथे आले, चित्रकला विभाग त्यांनी उभा केला. बडोद्याचं भाग्य.

राजवाडा_इंदूर: काका, बेंद्रे जन्माने इंदूरचे बरं का! शिकलेही इथेच 🙂

मांडवीकाका: मान्य. तुम्ही घडवले, आम्ही ठेवून घेतले.

अलकापुरी२: ड्रॉअबॉक्स, रेखाटनाचे धडे देणारी वेबसाइट. २५० खोके काढायचं आव्हान आहे त्यात. आईचं डायलिसिस चालू होतं, आठवड्यातून तीनदा चार-चार तास बाहेरच्या बाकावर. व्हिडिओ घरी बघायचा, खोके तिथे बॉलपेनने. १८० झाले आणि आई गेली. वहीला वर्षभर हात लावला नाही. मागच्या दिवाळीत उरलेले ७० पूर्ण केले. त्यांचा एक नियम मला फार आवडतो, जेवढा वेळ सरावाला तेवढाच मनात येईल ते काढायला. त्या वेळात मी आईचे हात काढते.

सूरसागर: ताई 🙏 डोळे भरून आले. हात दाखवाल का कधी?

अलकापुरी२: नक्की. बोटं अजून नीट जमत नाहीत.

मावशी (धागाकर्ती): बोटांसाठी यूट्यूबवर प्रोको हा चॅनेल बघा ताई, तळहात आधी खोक्यासारखा धरायचा. तुमचे २५० खोके तिथेच उपयोगी पडतील.

राजवाडा_इंदूर: माझी एक युक्ती. चित्राच्या सगळ्यात वर काळ्याने भरलेला लेयर (थर), त्याचा ब्लेंड मोड 'कलर'. चित्र लगेच कृष्णधवल दिसतं. उजेड-अंधार चुकला असेल तर तिथेच पकडला जातो. रंगाने मी कित्येक महिने स्वतःला फसवत होतो. एका व्हिडिओत दोन मिनिटांत सांगितलंय, सापडायला दीड वर्ष लागलं.

नवी_सून: विषय सोडून विचारते, माफ करा. पेनाची निब घासून तिरकी झालीय, स्क्रीनवर चरे पडतील का? आणि सासूबाईंना बडोद्याची सेव उसळ जमतच नाही म्हणे पुण्यात, तर्री कशी करता?

मांडवीकाका: निब लगेच बदल बाळ, चरे पडतात. पेनाचा स्टँड असेल तर फिरवून उघड, बऱ्याच स्टँडमध्ये जास्तीच्या निबा असतात. उसळीचं काकूला विचारून संध्याकाळी सांगतो.

नवी_सून: उघडला. आत आठ आहेत! काका 🙏🙏