रोरिखच्या हिमालयातली स्तब्धता पोस्टर रंगांत कशी आणायची?

कुंचला_ओला
रशियन चित्रकार निकोलाय रोरिखच्या कांचनजुंगाच्या चित्रांचा अभ्यास करतोय. ए-३ कागद, पोस्टर रंग. शिखरांचे आकार जमतात, पण चित्र कॅलेंडरसारखं दिसतं. मूळ चित्रांतलं गांभीर्य येत नाही. लांबच्या रांगा पाण्याने पुसट करतो, बर्फ पांढराशुभ्र ठेवतो. काय चुकतंय?

गेरू
याच दोन गोष्टी चुकताहेत. पुसट रांगा सह्याद्रीत दिसतात, कारण हवेत बाष्प आणि धूळ असते. उंचावरची हवा विरळ, कोरडी. तिथे लांबचा कडाही धारदार दिसतो. रोरिख मागची रांग एकाच सपाट निळ्या छटेत भरतो, पण तिची कड स्पष्ट ठेवतो. अंतर छटेतून दाखवा. धुकं हवंच असेल तर दरीत, शिखराच्या पायथ्याशी. त्याने शिखर जमिनीपासून सुटतं, आणि चित्रातलं गूढ बरंचसं तिथूनच येतं.

सावलीतल्या बर्फावर फक्त आकाशाचा उजेड पडतो, म्हणून तो निळा: पांढऱ्यात अल्ट्रामरिन (गडद निळा), कणभर बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). निव्वळ पांढरा अगदी शेवटी, ऊन थेट पडतं तेवढ्याच धारेवर.

रंगवाटी
गेरू यांच्याशी सहमत. पोस्टर रंगाची एक खोड लक्षात ठेवा: गडद छटा वाळल्यावर फिकी पडते, फिकी थोडी गडद होते. आधी त्याच कागदाच्या तुकड्यावर लावून पूर्ण वाळू द्या. एका रांगेची छटा एकदाच भरपूर कालवा, पातळ सायीइतकी. दुसऱ्यांदा कालवलेली जुळत नाही आणि पट्ट्यात ठिगळ दिसतं. वाळलेल्या थरावर ओला कुंचला घासलात तर खालचा रंग सुटून चिखल होतो.

रोरिख टेम्परा (पाण्यात कालवायचा अपारदर्शक रंग) वापरायचा, त्याचा पृष्ठभाग मॅट, म्हणजे बिनचमकेचा. म्हणून वार्निश नको. काचेच्या फ्रेममध्ये लावा.

कुंचला_ओला
आणि माणूस? आकाशात तेजोवलय काढलं तर अध्यात्म ठसेल का?

गेरू
वलय, ॐ काही नको. नजर लगेच तिकडे जाते आणि डोंगर नुसता पडदा उरतो. रोरिखचं १९२४ चं ‘रिमेंबर’ हे चित्र बघा: घोडेस्वार वळून घराकडे पाहतोय, मागे अख्खी हिमरांग. माणसं लहान, तपशील जवळपास नाही. तुमच्या कागदावर आकृती दोन सेंटिमीटरच्या आत ठेवा, चेहरा काढू नका, आणि तिच्यासाठी वेगळा रंग न घेता जवळच्या जमिनीचीच छटा जरा गडद करून वापरा.