गावातून निघणाऱ्या विमानप्रवाशाचे म्हणणे : विदर्भातील काही अनुभव

कापसाच्या व्यवसायामुळे गेली अकरा वर्षे मी वर्षातून पंधरा-सोळा वेळा विमानाने प्रवास करतो. दिग्रसपासून नागपूरचे विमानतळ सुमारे सव्वादोनशे किलोमीटर आहे. सकाळी साडेसातचे विमान असेल, तर सामान देण्याचा काउंटर तासभर आधी बंद होतो. म्हणून साडेपाचच्या आत सोनेगावच्या त्या विमानतळावर पोचायचे आणि त्यासाठी रात्री साडेबाराला घरून गाडी काढायची, असा आमचा नेम आहे. विमानसेवेविषयी जे लिहिले-बोलले जाते ते बहुधा विमानतळापासून अर्ध्या-पाऊण तासावर राहणाऱ्या प्रवाशाच्या नजरेतून असते. त्यात आसनाची ऐसपैसता असते, खाण्याचा दर्जा असतो. आपल्या भागातील माणसाची अडचण त्याच्याही आधी, रस्त्यातच सुरू होते. म्हणून वारंवार विमानाने जाणाऱ्या परिचितांना मी विनंती केली की कंपन्यांनी नेमके काय सुधारावे हे त्यांनी स्वतःच्या अनुभवावरून लिहावे. आरंभ मी करतो.

जानेवारी महिन्यातील एका प्रवासात बुटीबोरीच्या अलीकडे चहाला थांबलो असताना, पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी मोबाईलवर निरोप आला की साडेसातचे विमान आता बारा वाजून पन्नास मिनिटांनी सुटेल. मागे फिरण्यात अर्थ नव्हता आणि पुढे जाऊनही काही साधणार नव्हते. विमानतळावर चौकशी केली तेव्हा खरे कारण कळले. आपल्याकडे शेवटच्या गावाला जशी मुक्कामी एसटी असते, तसेच पहाटेच्या फेरीचे विमान आदल्या रात्री येऊन मुक्कामी थांबते. उत्तरेकडील धुक्यामुळे त्या विमानाची रात्रीची फेरीच रद्द झाली होती. म्हणजे सकाळचे विमान वेळेवर निघणार नाही, हे कंपनीला रात्री अकराच्या सुमारास कळून चुकले होते आणि मी त्या वेळी घरीच होतो.

धुक्यावर कोणाचा इलाज नाही, हे मला मान्य आहे. एकच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या करते, त्यामुळे सकाळचा उशीर संध्याकाळपर्यंत वाढत जातो, हेही समजते; परंतु नेमक्या याच कारणामुळे कंपनीला उशिराची कल्पना आपल्या कितीतरी आधी आलेली असते, आणि ती कल्पना प्रवाशाला त्याच क्षणी द्यावी एवढेच माझे मागणे आहे. पक्की वेळ ठरेपर्यंत थांबू नये. ‘विमान अजून आलेले नाही, उशीर होण्याचा संभव आहे’ एवढा निरोप रात्री अकराला मिळाला असता, तर मी पहाटे पाचला निघालो असतो आणि चालकाचीही झोप झाली असती. रात्रीच्या रस्त्यावर चालकाची झोप हा किरकोळ विषय नाही.

दुसरी गोष्ट नियमाची. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा त्याहून अधिक उशीर झाला, तर वेळेवर हजर झालेल्या प्रवाशाला खाणे-पिणे द्यावे लागते. उशीर सहा तासांहून अधिक होणार असेल, तर दुसरे विमान किंवा पूर्ण परतावा यांतील एक निवडता येते. माझा उशीर सहा तासांना चाळीस मिनिटे कमी होता, म्हणून तो पर्याय मला नव्हता. नाश्त्याची चिठ्ठी मिळाली, पण मागितल्यावर. माझ्या शेजारच्या बाकावर एक वयस्क जोडपे घरून आणलेली पोळी खात बसले होते. त्यांना अशी काही सोय असते हेच माहीत नव्हते. नियमात आहे ते न मागता द्यावे आणि नियम मराठीत काउंटरवर लावावेत.

(दिग्रस, जि. यवतमाळ)

---

अहेरी तालुक्यातील रुग्णांना मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात नेण्या-आणण्याचे काम मी सहा वर्षांपासून करते आहे. बहुतेक प्रवास रेल्वेनेच होतो. ज्यांना रात्रभर बसवत नाही किंवा शस्त्रक्रियेची तारीख अचानक मिळते, त्यांच्यासाठी वर्गणी गोळा करून विमानाचे तिकीट काढतो, आणि असा प्रवास महिन्यातून एकदा तरी घडतो. अहेरीहून नागपूर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे विमानात बसण्यापूर्वीच रुग्णाची सगळी शक्ती संपलेली असते.

एका प्रवासात माझ्याबरोबर जबड्याच्या कर्करोगाचा एक रुग्ण आणि त्याची पत्नी होती. नाकातून नळी घातलेली होती आणि ती गालावर चिकटपट्टीने बसवली होती. तिकीट काढताना चाकांच्या खुर्चीची नोंद केली होती आणि ती खुर्ची वेळेवर मिळालीही. परंतु काउंटरवरील मुलीने नळी पाहताच ‘प्रवासास योग्य’ असल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र मागितले. असे प्रमाणपत्र मागण्यात चूक नाही, रुग्णाच्या जिवासाठीच ते मागतात. मात्र तिकीट काढताना, खुर्ची नोंदवताना, आदल्या दिवशी निरोप पाठवताना ते कोणी सांगितले नाही. पत्नी माझा हात धरून एवढेच म्हणाली, “ताई, आता कुठी जावं?” गडचिरोलीच्या डॉक्टरांना पहाटे फोन करून उठवले, त्यांनी कागदावर लिहून त्याचे छायाचित्र मोबाईलवर पाठवले, वरिष्ठांनी ते पाहिले आणि विमानाचे दार बंद होण्याच्या पाच मिनिटे आधी आम्हाला सोडले. तोपर्यंत त्या माणसाच्या गालावरची पट्टी घामाने सुटली होती आणि त्याची पत्नी ती अंगठ्याने दाबून धरून उभी होती.

यावरून माझी पहिली मागणी अशी की चाकांच्या खुर्चीची नोंद होताच कंपनीने फोन करावा, आजार विचारावा आणि लागणारे कागद मराठीत सांगावेत. ही नोंद बहुधा 48 तास आधी मागितली जाते. एवढ्या अवधीत एक फोन नक्की होऊ शकतो.

दुसरी मागणी आसनांची आहे. जादा पैसे भरून आसन निवडले नाही, तर रुग्ण एका रांगेत आणि सोबतचा माणूस दहा रांगा मागे, असे कितीतरी वेळा झाले आहे. बारा वर्षांखालील मुलाला त्याच तिकिटावरील आई-वडिलांपैकी किमान एकाच्या शेजारी जागा द्यावी, असा निर्देश महासंचालनालयाने एप्रिल 2024 मध्ये कंपन्यांना दिला. खुर्चीची गरज असलेल्या रुग्णालाही हाच न्याय लावावा. शेजारच्या प्रवाशाला विनवून जागा बदलून घ्यावी लागते. लोक समजून घेतात, नकार फार थोड्यांनी दिला, पण ज्याला बोलता येत नाही त्या माणसाची सोबत कोणाच्या चांगुलपणावर सोडणे योग्य नाही.

(अहेरी, जि. गडचिरोली)

---

वरूडहून संत्र्याचे नमुने घेऊन मी हंगामात नागपूर-कोलकाता असा प्रवास करतो. बांगलादेशाकडे माल पाठवणारे व्यापारी तिकडे भेटतात आणि फोटो पाहून कोणी भाव बोलत नाही, फळ हातात द्यावे लागते. पंधरा किलोच्या मर्यादेत बसेल असे खोके बांधतो. आंबिया बहाराच्या वेळी एकदा खोके पट्ट्यावर आले तेव्हा त्याचा एक कोपरा पूर्ण आत गेला होता आणि खालच्या थरातील फळांचा रस पुठ्ठ्यातून गळत होता. तक्रार केली तर सांगण्यात आले की नाशवंत वस्तूंची जबाबदारी कंपनी घेत नाही. अटींमध्ये तसे लिहिलेले असते, हे नंतर पाहिले. माझे म्हणणे भरपाईचे नाहीच. जादा शुल्क घ्यावे, पण नाजूक सामान वेगळे ठेवून हाताने उतरवण्याची खात्रीची सोय द्यावी. मी ते पैसे आनंदाने देईन. ‘नाजूक’ असा कागद चिकटवून तेच खोके जड पेट्यांच्या खाली जात असेल, तर त्या कागदाला अर्थ नाही. आणखी एक गोष्ट नव्या प्रवाशांसाठी: सामान फुटले-तुटले असेल तर विमानतळाबाहेर पडण्यापूर्वीच लेखी नोंद करून प्रत घ्या, घरी येऊन केलेली तक्रार टिकत नाही. ही सूचना सामानाच्या पट्ट्याजवळ ठळक लावणे कंपनीला सहज शक्य आहे.

(वरूड, जि. अमरावती)

---

मुलगी बंगळूरला असल्याने आम्ही दोघे वर्षातून चार-पाच वेळा जातो. चिखलीहून आम्हाला छत्रपती संभाजीनगर जवळ पडते. मी निवृत्त शिक्षिका आहे, इंग्रजी वाचता येते. तरीही तपासणीच्या वेळी माझे सामान दोनदा उघडावे लागले. पहिल्यांदा सुक्या खोबऱ्यामुळे. खोबऱ्यात तेल असते, ते पेट घेऊ शकते, म्हणून ते कोणत्याच सामानात चालत नाही, हे तेव्हा प्रथम कळले. दुसऱ्यांदा हातातील पिशवीत काळ्या मसाल्याचा आणि तिखटाचा डबा होता. नियम सुरक्षेचे आहेत आणि ते पाळलेच पाहिजेत. परंतु बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू करायला निघालेली आई खोबरे घेणारच, हे ओळखून तिकिटासोबतच्या सूचनांत ‘खोबरे, तिखट, लोणचे’ हे शब्द मराठीत का नसावेत? त्या सूचनेत ज्वालाग्राही पदार्थ, रसायने, शस्त्रे असे सगळे असते आणि आपल्या स्वयंपाकघरातला एकही पदार्थ नसतो. अधिकाऱ्याने अदबीने सांगितले, “काकू, हे ठेवून जावं लागेल.” खोबऱ्याच्या सहा वाट्या बाहेर काढल्या, त्या शेजारच्या टोपलीत ठेवल्या आणि निघालो.

(चिखली, जि. बुलढाणा)

---

गोंदियाच्या बिरसी विमानतळावरून मार्च 2022 मध्ये सुरू झालेली सेवा काही महिन्यांतच थांबली होती आणि हैदराबाद-तिरुपतीची सेवा 1 डिसेंबर 2023 पासून सुरू झाली. आम्ही तांदळाच्या व्यवसायातील लोक हैदराबादला नेहमी जातो. आमचे एकच मागणे आहे: वेळापत्रक किमान वर्षभर स्थिर ठेवा. सेवा टिकेल अशी खात्री नसल्यामुळे लोक जुन्या सवयीने नागपूरच गाठतात, मग इकडची आसने रिकामी दिसतात, आणि आसने रिकामी म्हणून सेवा डळमळते.

(तिरोडा, जि. गोंदिया)

---

वरील मताशी मी पूर्ण सहमत आहे. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून 16 एप्रिल 2025 रोजी मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली, तेव्हा परतवाडा-अचलपूरच्या लोकांना केवढा आनंद झाला होता. विमान लहान, एटीआर जातीचे. रोजची फेरी नसेल तिथे एक फेरी चुकली की प्रवाशाचे दोन-तीन दिवस जातात. म्हणून जिथे सेवा रोजची नाही, तिथे फेरी रद्द झाल्यास नागपूरहून त्याच दिवशीच्या विमानात, मग ते दुसऱ्या कंपनीचे का असेना, जागा देण्याची आणि तिथपर्यंत गाडीची सोय कंपनीने तिकिटावरच लिहून द्यावी.

(अचलपूर, जि. अमरावती)

---

मी पुसदला तिकिटे काढून देण्याचे काम करतो आणि त्या निमित्ताने स्वतःही बराच प्रवास करतो. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत दोन मोठ्या आहेत.

एक म्हणजे नावाची. आपली नावे देवनागरीतून रोमन अक्षरांत जाताना प्रत्येक कागदावर वेगळी होतात. उईके हे आडनाव मी चार प्रकारे लिहिलेले पाहिले आहे, आणि वडिलांचे नाव कधी मध्ये, कधी शेवटी येते. आधारवर एक आणि तिकिटावर दुसरे झाले की दारावरच अडवणूक होते, आणि एका अक्षराच्या दुरुस्तीसाठी मागितले जाणारे शुल्क कधी कधी तिकिटाच्या निम्म्यापर्यंत जाते. जन्मतारीख आणि ओळखपत्राचा क्रमांक जुळत असेल, तर दोन-तीन अक्षरांची दुरुस्ती विनाशुल्क आणि विमानतळावरही व्हावी.

दुसरी तक्रार परताव्याची. ‘परतावा नाही’ असे लिहिलेले तिकीट रद्द केले तरी कर आणि विमानतळाचे शुल्क परत मिळालेच पाहिजे, आणि मूळ भाडे व इंधन अधिभार यांपेक्षा अधिक रक्कम रद्द करण्यापोटी कापता येत नाही. तिकीट मध्यस्थामार्फत काढले असले तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच आहे, कारण मध्यस्थ हा तिचाच प्रतिनिधी मानला जातो. हेही नियमात स्पष्ट आहे. असे असूनही कंपनी मध्यस्थाकडे बोट दाखवते, मध्यस्थ कंपनीकडे, आणि हळद विकून तिकीट काढलेला शेतकरी माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून राहतो. एका गृहस्थाच्या मुलाची बंगळूरची परीक्षा पुढे ढकलली गेली, म्हणून दोन तिकिटे रद्द केली. कर आणि शुल्काचे मिळून अठराशे छत्तीस रुपये यायचे होते. त्यासाठी मी एकोणीस वेळा फोन केला, सात ई-मेल पाठवले, शेवटी केंद्र सरकारच्या एअरसेवा या तक्रार व्यवस्थेवर नोंद केली. त्यानंतर बाराव्या दिवशी पैसे आले. तोवर ते गृहस्थ दर सोमवारी बाजाराला आले की दुकानात डोकावून “आले का भाऊ?” एवढेच विचारत, आणि मी मान हलवली की काही न बोलता एसटी स्टँडकडे निघून जात.

(पुसद, जि. यवतमाळ)