माझी साखर घरातल्या सगळ्यांच्या फोनवर का?

रानझुळूक
टाइप १ मधुमेह आहे, इन्सुलिनवर. दंडावर साखर मोजणारा सेन्सर लावल्यापासून माझा आकडा आई, बाबा आणि दादा, तिघांच्या फोनवर. जेवून उठले, १९० दिसले की दादाचा मेसेज: "घेतलंस का इन्सुलिन?" अरे, घेतलंय! ते तीन-चार तास अंगात काम करत असतं. त्याच्या समाधानासाठी वरून आणखी टोचलं तर थोड्या वेळाने साखर कोसळणार, आणि धावपळ पुन्हा माझीच. दिवसाचा ७० टक्के वेळ ७० ते १८० मध्ये राहिलं तरी बहुतेक प्रौढांना पुरे मानतात. शंभर टक्के फक्त घरच्यांना हवं असतं. शेअरिंग बंद करतेय. चूक आहे का?

तिरकी रेघ
हो, चूक. माझे मिस्टर साखर ५० ला आली की "मला काही झालेलं नाही" म्हणत ग्लुकोजच्या पाण्याचा पेला ढकलून देतात. एरवी शांत माणूस. मेंदूला साखर कमी पडली की ठरवणाराच ठिकाणावर नसतो, तिथे कसला आलाय स्वतःचा निर्णय?

रानझुळूक
५० चं कबूल. १९० ला पण बोलता का त्यांना?

तिरकी रेघ
बोलते. डोळे, किडनी काय एका दिवसात जातात? रोजच्या १९० नेच जातात.

काठावरचा
टाइप १ वरच्या १९९३ च्या डीसीसीटी अभ्यासात साखर कडक ताब्यात ठेवणाऱ्यांचे डोळे-किडन्या जास्त वाचल्या, खरं आहे. पण बेशुद्धीपर्यंत नेणारे हायपोही (साखर फार खाली जाणं) त्यांच्यातच जवळपास तिप्पट. आणि त्या गटात रोजचा डोस रुग्ण स्वतःच मोजून बदलत होते, नातेवाईक नव्हे.

तिरकी रेघ
मोकाट सोडलं नव्हतं त्यांना. दर महिन्याला तपासणी, मध्ये फोन. सोयीचं तेवढं सांगू नका.

काठावरचा
तपासणी शिकलेल्या टीमची होती, दादाची नाही :) रानझुळूक, काही अ‍ॅपमध्ये आलेख लपवून फक्त लो अलार्म पाठवता येतो. तेवढा ठेव.

रानझुळूक
हे चालेल. ६० च्या खाली गेली तरच त्यांचा फोन वाजेल असं लावते.

तिरकी रेघ
६० नको, ७० लाव. सेन्सर रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो. साखर भराभर उतरत असेल तर तुला ६० दिसेपर्यंत खरी त्याच्याही खाली गेलेली असेल. आणि आलेख लपवायचा तर तसं दादाला आधी सांग, नाहीतर अ‍ॅप बंद पडलं समजून तो दर तासाला फोन करेल.