मदत हवी आहे: गोल पिनेला आडवे छिद्र पाडताना मध्य चुकतो

नमस्कार. पॉवर टिलरच्या ट्रेलरसाठी 20 मिमी व्यासाच्या ब्राइट बारच्या (गुळगुळीत पोलादी सळईच्या) सहा पिना मी घरीच करतो आहे. प्रत्येक पिनेच्या टोकापासून 10 मिमीवर, स्प्लिट पिन (टोके वाकवून अडकवायची दुपदरी तारेची खीळ) घालण्यासाठी, 4 मिमीचे आरपार छिद्र हवे आहे. माझ्याकडे 13 मिमी चकचे (ड्रिल पकडणाऱ्या जबड्याचे) गोल खांबाचे बेंच ड्रिल आणि व्ही ब्लॉकची (गोल वस्तू बसवायला V आकाराची खाच असलेल्या ठोकळ्यांची) जोडी आहे.

आधी माझा मूर्खपणा सांगतो. पहिली पिन मी व्ही ब्लॉकमध्ये ठेवून डाव्या हाताने नुसती दाबून धरली होती. खालून बाहेर पडता पडता ड्रिल अडकले आणि पिन पंख्याच्या पात्यासारखी फिरून माझ्या अंगठ्यावर बसली. हातमोजे घातलेले नव्हते हे नशीब, नाहीतर मोज्यासकट हात ड्रिलभोवती ओढला गेला असता. नख काळे पडण्यावर निभावले. आता ब्लॉक टेबलाला बोल्टने आवळतो, पिनेवरून क्लॅम्प घेतो आणि ड्रिल आरपार जाण्याच्या बेतात आले की हँडलवरचा जोर कमी करतो. जॉब (म्हणजे छिद्र पाडायची पिन) आता फिरत नाही, पण छिद्र अजून मध्यातून जात नाही.

दुसऱ्या पिनेवर सेंटर पंचची (ठोकून खूण करायच्या टोकदार हत्याराची) खूण माथ्यापासून जेमतेम 1 मिमी बाजूला पडली होती. 20 मिमीच्या गोलाईवर तेवढ्यानेही जवळजवळ 6 अंशांचा उतार मिळतो आणि बारीक ड्रिल त्यावरून वाकून आणखी घसरते. म्हणून आता चकमध्ये टोकदार सळई धरतो, पिनेच्या माथ्यावर सहा इंची पोलादी पट्टी आडवी ठेवतो, सळईचे टोक तिच्यावर हलके टेकवतो आणि पट्टी ज्या बाजूला झुकेल त्या बाजूला जॉब सरकवत ती सपाट करून घेतो. इथवर सारे छान जमते.

खरी अडचण यानंतरची आहे. सेंटर ड्रिल (छिद्राची सुरुवात करून देणारे ताठ ड्रिल) आखूड, तर 4 मिमीचे नेहमीचे ड्रिल 75 मिमी लांब आहे. स्पिंडलची चाल (चक खाली-वर होण्याचे अंतर) जेमतेम 50 मिमी असल्यामुळे मध्येच टेबल खाली घ्यावे लागते, आणि टेबल सैल केले की ते खांबाभोवती किंचित फिरून जुळवलेला मध्य घालवते. तिसऱ्या पिनेचे छिद्र असेच खालच्या बाजूला पाऊण मिमी सरकून निघाले.

दोन्ही बाजूंनी अर्धे अर्धे पाडावे, असे एका परिचिताने सुचवले, पण पिन बरोबर 180 अंशांत फिरवायची कशी? ठोकळ्यात 20 मिमीचे छिद्र पाडून त्यावर 4 मिमीचे बुश (ड्रिलला वाट दाखवणारी नळी) बसवलेले जिग (ड्रिल जागेवर नेणारा साचा) करण्याचाही विचार आहे, मात्र त्या बुशाचे छिद्र मध्यावर आणण्यासाठी हीच कसरत आधी करावी लागेल.

गोल खांबाच्या मशीनवर टेबल न हलवता हे काम कुणी करत असल्यास, सेंटर ड्रिल आणि ड्रिल चकमध्ये किती बाहेर ठेवून धरता आणि ब्लॉकखाली काही आधार घेता का, हे कृपया सविस्तर सांगावे. तीन पिना अजून शिल्लक आहेत.