मामांच्या भिंतीवरचा बिंदू : याला पोस्टर म्हणायचं का?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. माझे मामा गावभागात राहायचे, पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. निवृत्तीचे पैसे हातात आल्यावर त्यांनी मुंबईहून चित्रकार सय्यद हैदर रझांचा एक सेरिग्राफ आणला. पैसे त्यात घातले म्हणून मामी आठवडाभर बोलल्या नव्हत्या. मधोमध काळा बिंदू, भोवती तांबडे-पिवळे त्रिकोण. खाली डावीकडे पेन्सिलीनं ६२/१००, उजवीकडे सही.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात मामांनी आधी हे चित्र माळ्यावर चढवलं, मग घर सोडलं. पाणी तिथवर गेलं नाही, पण ओल गेली. खालच्या कडेला चहाच्या रंगाची रेघ उमटली आहे. आता मामा नाहीत, चित्र माझ्याकडे आहे. फ्रेम बदलायला नेलं तर दुकानदार म्हणाला, "ताई, हे छापील आहे. चित्रापेक्षा काचेलाच जास्त पैसे पडतील." ते वाक्य डोक्यातून जात नाही. विकायचं नाही, पण मामांनी इतकं जपलं ते काय होतं आणि आज त्याचं मोल काय, हे मला कळायला हवं.

जाळीवाला मास्तर (सातारा)

ताई, छापील आहे हे खरंच. पण लग्नपत्रिका छापणारी जुनी मंडळी आठवा : लाकडी चौकट, ताणलेली जाळी, वर शाई आणि रबरी पट्टी ओढणारा हात. सेरिग्राफही असाच होतो. पत्रिकेला एक-दोन रंग पुरतात, अशा चित्राला वीस-पंचवीसही लागतात, आणि प्रत्येक रंगाची जाळी वेगळी. एक रंग सगळ्या कागदांवर ओढायचा, वाळवायचा, मग दुसरा. कागद केसभर सरकला की तो बाद. मी चित्रकलेचा शिक्षक होण्याआधी हेच काम करायचो. एकदा ऐन पावसाळ्यात सहा रंगांचं काम घेतलं होतं. दमट हवेनं कागद फुगायचा, सकाळी जुळलेली कड दुपारी जुळायची नाही. शंभरातले निम्मे कागद फेकले. तेव्हापासून कुठलाही सेरिग्राफ दिसला की मी आधी रंगांच्या कडा बघतो.

पट्टी ओढणारा हात बहुधा रझांचा नसतो, कारागिराचा असतो. चित्रकार नमुना पसंत करतो आणि प्रतींवर सही करतो. काहींना त्यात कमीपणा वाटतो, मला नाही वाटत. रझांची उत्तरकाळातली भूमितीची चित्रं, ठाम कडा, गच्च रंग, हे जाळीला मानवणारं काम आहे. पातळ जलरंगाचा सेरिग्राफ मात्र मला कधी पटला नाही.

आमच्या जिल्ह्यात औंधच्या श्री भवानी वस्तुसंग्रहालयात रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत. त्याच रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढून देव घराघरांत पोचवले. त्या छपाईला संख्येची मर्यादा नव्हती. तुमच्या कागदावर मात्र ६२/१०० लिहून शंभर प्रतींवर थांबण्याचा शब्द दिलेला आहे. बासष्टावा म्हणून कमी, असंही नाही. ड्रायपॉइंटमध्ये, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर सुईनं कोरून केलेल्या छपाईत, पत्रा झिजतो, म्हणून तिथे पहिल्या प्रती सरस. जाळीला तो नियम लागू नाही.

सराफ कट्ट्यावरून कुणाचं तरी दहापट भिंग मागून आणा. निळे-गुलाबी-पिवळे-काळे बारीक ठिपके दिसले तर ऑफसेट, म्हणजे पोस्टरसारखी यंत्रावरची छपाई. सलग रंग आणि एका रंगावर दुसऱ्याचा थर चढलेला दिसला तर जाळी. सहीही बघा, पेन्सिल कागदावर तिरप्या उजेडात चकाकते.

मिरज जंक्शन

बाजाराचं माझ्या अनुभवावरून सांगतो. रझांचा 'जेस्टेशन' हा कॅनव्हास २०२३ मध्ये मुंबईच्या लिलावात ५१.७५ कोटींना गेला. तो आकडा वाचून आपल्या कागदाचा हिशेब करू नका. सेरिग्राफ हजारांत जातात, क्वचित लाखांत. माझ्याकडे हुसेनांच्या घोड्यांचा आहे (आपल्या शेजारच्या पंढरपूरचा माणूस, म्हणून घेतला). विकायला काढला तेव्हा मला देऊ केलेली रक्कम गॅलरीच्या भावाच्या निम्मीही नव्हती. मी ठेवून घेतला. रक्कम कमी येण्याची कारणं दोन : बिल हरवलं होतं, आणि आधीच्या फ्रेमवाल्यानं बसवायला म्हणून चारी बाजूंचा पांढरा समास कापला होता. तुमचा समास शाबूत आहे का? मामांचं बिल शोधा, जुन्या पासबुकातली नोंदसुद्धा चालेल.

कृष्णाकाठ (सांगली)

सर, भिंग मिळालं. ठिपका एकही नाही! तांबड्याखालून पिवळ्याची बारीक कड एका कोपऱ्यात डोकावते, ती मी पंधरा वर्षांत पाहिली नव्हती. समास पूर्ण आहे. मागे साधा प्लायवूड होता, रेघ त्याच्याच बाजूची आहे. बिल मामांच्या नकाशांच्या नळीत सापडलं, त्यावर त्यांच्या ड्राफ्ट्समनी अक्षरात तारीख. मी तिथेच बसून रडले. डाग घरी काही लावून निघेल का?

जाळीवाला मास्तर (सातारा)

काहीही लावू नका, ब्लीच तर नकोच. प्लायवूड आजच काढा, आम्ल त्यातूनच कागदात उतरतं. मागे-पुढे आम्लरहित माउंटबोर्ड (चित्रासाठीचा जाड पुठ्ठा) घाला, काच रंगाला टेकू देऊ नका. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला-संवर्धन केंद्र आहे, त्यांना आधी फोटो पाठवा. नेताना नळीत गुंडाळू नका. दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवा आणि गाडीत मांडीवर घ्या.